माऊसमूव्ह हाताळताना या चुका टाळा: लुकलुकणारी टूलटिप, अडकलेला ड्रॅग आणि बाकी त्रास

माऊसमूव्ह म्हणजे कर्सर हलला की ब्राउझर कोडला देतो ती सूचना, म्हणजे इव्हेंट. उदाहरणाला आपला पुणे मेट्रोचा नकाशा घेऊ. वनाज ते रामवाडी आणि पीसीएमसी ते स्वारगेट, दोन्ही लाईन एसव्हीजीमध्ये (वेबवरच्या रेषाचित्रांचा फॉरमॅट) काढल्यात, स्टेशनवर कर्सर नेला की नाव दिसावं आणि नकाशा माऊसने धरून सरकवता यावा, बास. दिसायला सोपं काम आहे पण नेमक्या चुका इथेच होतात, आणि गडबड इव्हेंटची कमी आणि लिसनर (इव्हेंट आला की चालणारं फंक्शन) कुठे लावला याची जास्त असते.

सिव्हिल कोर्ट स्टेशनवर कर्सर नेला आणि टूलटिप, म्हणजे नावाची छोटी चौकट, फडफडायला लागली, तर ती टूलटिप कर्सरच्या खालीच उघडतेय. मग कर्सर स्टेशनवर राहतच नाही, माऊसआऊट (कर्सर बाहेर गेल्याचा इव्हेंट) येतो, टूलटिप जाते, परत स्टेशन सापडतं, परत येते, हे चालूच. सीएसएसमध्ये टूलटिपला पॉइंटर-इव्हेंट्स नन द्या, थांबेल. दुसरं म्हणजे स्टेशनच्या ग्रुपमध्ये गोल आणि नाव असे दोन भाग असतील तर एकावरून दुसऱ्यावर गेलं तरी माऊसओव्हर-माऊसआऊट येतात, म्हणून माऊसएंटर आणि माऊसलीव्ह वापरा. फक्त हे दोन बबल होत नाहीत, म्हणजे आतल्या एलिमेंटवरून बाहेरच्यापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे अख्ख्या नकाशावर एकच लिसनर लावून भागत नाही.

आता ड्रॅग, सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार. नकाशावरच माऊसमूव्ह आणि माऊसअप लावलं, कर्सर जोरात बाहेर गेला आणि बटण तिकडे सुटलं की नकाशाला कळतच नाही, परत आत आलात की नकाशा चिकटल्यासारखा मागे येतो. यावर माझं स्पष्ट मत, नवीन कोडमध्ये पॉइंटर इव्हेंट्सच (माऊस, टच, पेन सगळ्यांना एकच) वापरा, 2019 साली सफारी 13 मध्येही ते आलेत. पॉइंटरडाऊनला सेट-पॉइंटर-कॅप्चर करा, मग कर्सर विंडोच्या बाहेर गेला तरी पॉइंटरमूव्ह आणि पॉइंटरअप नकाशालाच मिळतात, शिवाय तोवर मधल्या स्टेशनांच्या टूलटिप उघडत नाहीत. मोबाईलसाठी टच-ॲक्शन नन विसरू नका, नाहीतर ब्राउझर स्क्रोल सुरू करतो आणि तुम्हाला पॉइंटरकॅन्सल मिळतो. आणि बटण दाबलंय का हे बघायला इव्हेंटमधली बटन्स ही प्रॉपर्टी वाचा, बटन नाही! माऊसमूव्हमध्ये बटन कायम 0 असतं, म्हणजे काही न दाबताही डावं बटण दाबल्यासारखं वाटतं.

पेज वर असताना सगळं बरोबर आणि खाली स्क्रोल केल्यावर टूलटिप भलतीकडे, असं झालं तर क्लायंट-वाय (दिसणाऱ्या भागाच्या वरच्या कडेपासून) आणि पेज-वाय (अख्ख्या पेजच्या सुरुवातीपासून) मिसळलेत. टूलटिपची पोझिशन फिक्स्ड असेल तर क्लायंटवाले आकडे घ्या. ऑफसेट-एक्सच्या नादी लागू नका, कर्सरखालचं एलिमेंट बदललं की तो आकडाही उडी मारतो.

लिसनर रिमूव्ह करताना लावताना दिलेलं तेच फंक्शन द्या, बाइंड दरवेळी नवीन फंक्शन बनवतं आणि जुना लिसनर तसाच राहतो.

नकाशा अडखळत सरकतोय? 60 हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात. हँडलरमध्ये फक्त एक्स-वाय टिपून ठेवा, हलवायचं काम रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेममध्ये (पुढची फ्रेम काढण्याआधी चालतं) करा, तेही लेफ्ट-टॉपने नाही तर ट्रान्सफॉर्मने. एलिमेंटची जागा आणि माप देणारं गेट-बाउंडिंग-क्लायंट-रेक्ट दर मूव्हला बोलावू नका, बाहेरच्या डब्याचं माप पॉइंटरडाऊनला एकदा घ्या आणि स्क्रोल किंवा रिसाइझ झालं तरच परत मोजा.