व्हॅनचा कॅम्पर करताय? आधी पासिंगचं बघा

तोरणमाळला नाहीतर पाटणादेवीला मुक्कामी जायला सोयीची म्हणून जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घ्यायची आणि तिचा कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी करायचा, असा बेत असेल तर सुताराला बोलावण्याआधी आरसी बुक काढा. आतलं फर्निचर कोणीही करून देतो. गाडी पास होईलच असं नाही.

१. आरसीवरचे चार रकाने वाचा: बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, रिकामं वजन, वाहनाचा वर्ग. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे या नोंदींशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. परस्पर केलात, तर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

बसवलेल्या सीट काढल्या की आसनसंख्या बदलली. छत कापून उंच केलं की बॉडी बदलली. गादी, घडीचा पलंग, शेगडीची पेटी हे मात्र उतरवता येणारं सामान. वर्षातून दोन-चारदा फिरणाऱ्याने इथेच थांबावं, असं माझं मत.

२. कायमचा बदल हवाच असेल, तर काम सुरू करण्याआधी आरटीओत अर्ज करा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती लागते. मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे अशा कॅम्परसाठी, एआयएस-१२४ हे मानक आहे. बॉडीबिल्डरकडे त्याची मान्यता आहे का आणि तो फॉर्म २२-अ (बॉडी नियमांप्रमाणे बांधल्याचं प्रमाणपत्र) देणार का, हे ॲडव्हान्स देण्याआधी विचारा. ‘होऊन जाईल भाऊ’ या उत्तरावर पैसे देऊ नका.

३. वर्ग ठरवा. घरच्या वापराचा कॅम्पर खासगी वर्गात नोंदवता येतो. त्याची नोंदणी पंधरा वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी तपासणी. भाड्याने द्यायचा असेल तर तो परिवहन वाहन ठरतो: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस, पुढे दरवर्षी.

४. वजन करा. बहुतेक जण इथे फसतात. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यावर बॅटरी, प्लायवूड, सिलिंडर आणि घरची माणसं. जिनिंगजवळच्या वजनकाट्यावर सगळं भरून गाडी चढवा, मागच्या एक्सलचं वजन वेगळं घ्या आणि आरसीवरच्या कमाल वजनाशी ताडून बघा. जास्त भरलं तर आधी पाण्याची टाकी लहान करा. तोरणमाळचा घाट उतरताना हा सगळा भार ब्रेकवर येतो. सिलिंडर मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवू नका.

५. काम झाल्यापासून चौदा दिवसांत आरसी आणि फी घेऊन आरटीओला कळवावं लागतं. निरीक्षक चेसीस आणि इंजिन नंबर, ब्रेक, दिवे, टायर बघतो. पीयूसी, विमा, टॅक्सची पावती मागतो. चेसीस नंबरवर लॅमिनेट किंवा रंग चढला असेल, तर गाडी तिथूनच परत पाठवली जाते.

आरसीवर नवी नोंद झाली की विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत बदल करून घ्या, नाहीतर अपघाताचा क्लेम अडकू शकतो.