सोलापुरी चादरीचं कॉलेज जॅकेट : प्रेरणा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कॉलेजांची

फिस्क (1866), हॉवर्ड आणि मोरहाउस (1867), टस्कीगी (1881) ही कॉलेजं कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघाली. फिस्कचेच 1888 चे पदवीधर, कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना डॉ. आंबेडकरांनी 1946 साली पत्र लिहिलं होतं, म्हणजे हा इतिहास आपल्याला अगदीच परका नाही. या कॉलेजांत अंगावरच्या कपड्याला वजन होतं. मोरहाउसचा मरून ब्लेझर आणि स्पेलमन या मुलींच्या कॉलेजच्या समारंभांतला पांढरा पोशाख आजही टिकून आहे. 1 फेब्रुवारी 1960 ला नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी या कॉलेजची चार मुलं ग्रीन्सबरो शहरात गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसली, तेव्हा त्यांतला एक जण लष्करी प्रशिक्षणाच्या गणवेशात होता. म्हणून या जॅकेटमध्ये फिटिंग आणि फिनिशिंग आधी, नक्षी नंतर.

कॉलेजांची नावं, बोधचिन्हं आणि तिथल्या संघटनांची ग्रीक अक्षरं उचलू नका. ती अक्षरं सभासद होऊन मिळवायची असतात. गुलाबी-हिरवा आणि किरमिजी-क्रीम या जोड्याही टाळा. त्या हॉवर्डमध्ये 1908 आणि 1913 साली निघालेल्या दोन भगिनी-संघटनांच्या आहेत. मोरहाउसचा मरून-पांढरा किंवा फ्लोरिडा ए अँड एम या कॉलेजचा केशरी-हिरवा घ्या. मरून चादर सोलापूरच्या चाटी गल्लीत सहज मिळते.

माल (छाती 40 साठी) : एकेरी जॅकार्ड चादर, साधारण 60 × 90 इंच, बाह्यांसाठी गणवेशाचं सुटिंग, 58 इंच पन्ह्याचं 1 मीटर, अस्तर दीड मीटर, रिब (कमरेला लावायची ताणली जाणारी विणीव पट्टी), जाड टर्किश टॉवेलचा तुकडा, फेल्ट, टिच बटणं 6.

बाह्या चादरीच्या करू नका. मुंढ्यात दोन जाड थर एकत्र आले की खांदा फुगतो आणि हात वर होत नाही. सोलापूर गणवेशाचं गाव असल्याने सुटिंगच्या रंगांची इथे चणचण नाही.

चादर आणि टॉवेल कापण्याआधी वेगवेगळे दोनदा धुवा. सूत आटतं, आधी आटवलं नाही तर अस्तर तेवढंच राहून जॅकेट आत ओढलं जातं. ओल्या चादरीवर पांढरं फडकं घासा. रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुत राहा, नाहीतर पांढरं अक्षर पहिल्याच धुण्यात गुलाबी होईल.

तयार छाती 46 इंच धरा. पाठ 23, प्रत्येक पुढा (पुढचा भाग) साडेअकरा, शिवणीला पाऊण इंच माया, बटणपट्टी वेगळी. चादर घडीवर नव्हे, एकेरी पसरून कापा. जाड कापड घडीत सरकतं आणि दोन पुढचे भाग कमी-जास्त होतात. नक्षीचं मोठं फूल पाठीच्या बरोबर मधोमध आलं पाहिजे. कापल्या कापल्या कडांना ओव्हरलॉक मारा, कारण सुटे धागे लगेच निसटतात. सुई 16 नंबर, टाका 3 मिलिमीटर. खांद्याच्या शिवणीत सुती टेप घाला, नाहीतर चादरीच्या वजनाने खांदा लोंबतो.

अक्षराचं काम सगळ्यात नाजूक. अमेरिकेतल्या मूळ कॉलेज जॅकेटवर शेनीलचं, म्हणजे लव असलेल्या धाग्याचं मऊ, उठावदार अक्षर असतं. आपला टॉवेल ते काम झकास करतो. ‘सो’ किंवा स्वतःचं आद्याक्षर 6 इंच उंच काढा. रेघ किमान सव्वा इंच जाड, मधली पोकळी किमान अर्धा इंच ठेवा. काना-मात्रा याहून बारीक केल्या तर टॉवेलचे फासे (वर आलेली धाग्याची वेटोळी) सुटून त्यांचा गोंडा होतो. फेल्ट चहूबाजूंनी पाव इंच मोठं कापा आणि टॉवेल त्यावर दुहेरी फ्युजिंगने (दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने) चिकटवा. वर बटर पेपर ठेवून कडेने 4 मिलिमीटर रुंद, दाट झिगझॅग मारा, मग कागद फाडून काढा. रुंदी कमी पडली की फासे टाक्यांतून बाहेर डोकावतात. मागे बकरम लावलं नाही तर पुढा चुणतो. अक्षर डाव्या पुढ्यावर बसवायचं ते बाजूच्या शिवणी घालण्याआधी, कापड सपाट असतानाच. खाली लहान आकड्यांत साल टाका. तिकडे पदवीचं साल असतं. इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला ते 1930 टाकलं तर ते सोलापूरचंच होईल.

रिब घेराच्या 85 टक्के कापा : 46 इंचाला 39. चार ठिकाणी खुणा जुळवून रिब ताणा, चादर ताणू नका. रिब सैल राहिली तर जॅकेट पोत्यासारखं लोंबतं.

टिच बटणं शेवटी. पट्टीच्या आत चादरीऐवजी सुटिंगचा थर वापरा आणि लांब पायांची बटणं घ्या. आखूड पाय जाड थरातून पलीकडे पोचत नाहीत आणि दोन-चार वापरांत बटण उपटून हातात येतं. पहिलं बटण उरलेल्या चिंधीवर ठोकून बघा. धुताना जॅकेट उलटं करून थंड पाण्यात धुवा, सावलीत आडवं वाळवा आणि अक्षरावर इस्त्री फिरवू नका.