रोड बाईक अंगाला बसवताना

मी चाळीसगावात ब्लाउज शिवते, २२ वर्षं झाली. दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज कितीही भारी कापडाचा असला तरी काखेत काचतो, हे मला कुणी शिकवायला नको. तीन वर्षांपूर्वी नाशिकहून सेकंडहँड रोड बाईक आणली, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगात चालणारी, बारीक टायरची सायकल. ॲल्युमिनियमची फ्रेम, शिमानो कंपनीचे १०५ नावाचे गिअर, ११ स्पीड म्हणजे मागं ११ चक्रं. पहिल्याच महिन्यात तिनंही तसंच काचायला सुरुवात केली. पाटणादेवी इथून १८ किलोमीटर. तिथवर पोचेपर्यंत उजव्या गुडघ्याच्या मागची शीर ओढायची आणि करंगळी-अनामिका बधिर व्हायच्या. एका दुकानदारानं माझं एकही माप न घेता महागड्या चाकांचं कोटेशन हातात ठेवलं. ती चाकं मी घेतली नाहीत. घरी आले, टेप काढली.

तुमचंही काही दुखत असेल तर पार्टवर पैसे घालण्याआधी एक सकाळ मापाला द्या. मोजायची टेप, जाड पुस्तक, ओळंबा, ॲलन की, मास्किंग टेप आणि वही एवढं पुरे. ओळंबा मी गवंडीकाम करणाऱ्या धाकट्या भावाकडून आणला. "ताई, भिंत बांधनी शे का?" म्हणत त्यानं दिला, आणि मग दोन तास सायकल धरून उभाही राहिला. मदतीला माणूस हवाच. स्वतःचं माप स्वतःला नीट घेता येत नाही, ब्लाउजचंही नाही.

पहिलं माप पायाचं. अनवाणी, पाठ भिंतीला लावून ताठ उभं राहायचं. पुस्तकाचा कणा वर करून दोन्ही मांड्यांमध्ये, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा दाब देऊन धरायचं. जमिनीपासून कण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. माझं ७६ सेंटिमीटर आलं. त्याला ०.८८३ नं गुणलं की ६७.१. क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्याला लागतं त्या दांड्याच्या, मधल्या बोल्टपासून सीट ट्यूबच्या (सीटखालच्या फ्रेमच्या नळीच्या) रेषेत सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं. माझी सीट होती ७० वर, आधीच्या मालकाच्या उंचीची. जवळजवळ तीन सेंटिमीटर जास्त! गुडघ्याच्या मागं ओढ लागते ती बहुतेक सीट उंच असल्यानं, पुढं वाटीजवळ दुखतं ते सीट खाली असल्यानं. मागून कुणाला तरी बघायला सांगा. पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट अजून उंच आहे.

हे गणित म्हणजे कच्ची शिलाई. टाचून बघायचं, मग पक्कं करायचं. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेलं की गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. मी ६७ वरून सुरुवात केली, पाच-पाच मिलिमीटरनं वर-खाली करत शेवटी ६७.५ वर थांबले. एका दिवसात एकच बदल करायचा. दोन केले तर कशानं बरं वाटलं ते कळत नाही. आणि सीटपोस्टवर, म्हणजे सीटच्या दांड्यावर, 'मिनिमम इन्सर्शन'ची (निदान एवढा आत हवा अशी) रेघ असते, ती फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे.

आता ओळंबा. सायकल भिंतीला टेकवून सपाट उभी करा, नेहमीच्या शूजमध्ये बसा, क्रँक जमिनीला समांतर आणा. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीच्या खालून ओळंब्याची दोरी सोडा. ती पेडलच्या आसावरून गेली तर सीट पुढं-मागं ठीक आहे. माझी दोरी दोन सेंटिमीटर पुढं पडत होती, म्हणजे सीट मागं सरकवायची. सरकवल्यावर उंची पुन्हा मोजायची, कारण ती बदलते. ओळंब्याचं हे माप म्हणजे शास्त्राचा नियम नाही, चांगली सुरुवात आहे. एक-दोन सेंटिमीटर इकडं-तिकडं आपल्या अंगाला विचारून ठरवायचं.

बोटं बधिर होण्याचं कारण मला हँडलमध्ये सापडलं नाही, सीटच्या नाकात सापडलं. सीट पुढं झुकलेली होती, त्यामुळं सगळं वजन तळहातांवर यायचं. पाण्याची लेव्हल ठेवून ती सपाट केली आणि अर्धं दुखणं गेलं. उरलेलं अर्धं स्टेमचं, म्हणजे हँडल पुढं धरून ठेवणाऱ्या आडव्या तुकड्याचं. ११० मिलिमीटरच्या जागी ९० चा टाकला, आता कोपर जरा वाकलेलं राहतं. हे माझ्या मते सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त सुख देणारं काम. फार आखूड मात्र टाकू नका, ८० च्या खाली हँडल चंचल होतं. बसवताना क्रम पाळा: आधी वरच्या टोपीचा बोल्ट, फोर्कमधली (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यातली) खडखड जाईपर्यंतच. नंतर स्टेमचे बाजूचे बोल्ट, आलटून-पालटून. किती जोरानं आवळायचं ते न्यूटन-मीटरमध्ये स्टेमवरच छापलेलं असतं, बहुतेक ठिकाणी ५ च्या आसपास. हा जोर मोजणारा टॉर्क रेंच नसेल तर उसना घ्या, अंदाजानं आवळू नका. कार्बनचा पार्ट असेल तर कार्बन पेस्ट लावा, ग्रीस नाही.

सीट बदलायची तर आधी पुठ्ठा. खोक्याचा नालीदार पुठ्ठा स्टुलावर ठेवून त्यावर बसा, जरा पुढं वाका, मिनिटभरानं उठा. दोन खड्डे पडतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर माझं साडेबारा सेंटिमीटर निघालं. त्यात दोन-अडीच मिळवले की सीटची रुंदी, म्हणजे १५ च्या जवळपास. सायकलवर होती ती १३ ची. मऊ गादीची सीट घेऊ नका. लांब अंतरावर गादी आत दबते आणि नको तिथं दाब देते. बायकांनी हे माप घेतल्याशिवाय सीट विकत घेऊच नये असं मला मनापासून वाटतं. आपल्यातल्या कितीतरी जणी हे दुखणं बोलत नाहीत आणि सायकल सोडून देतात.

अंग बसलं, मग पार्ट. माझा पहिला खर्च टायरचा. २५ मिलिमीटर रुंदीचे काढून २८ चे टाकले. फ्रेम आणि ब्रेकमध्ये जागा आहे का ते आधी मोजा, दोन्ही बाजूंनी निदान तीन-चार मिलिमीटर हवी. आधी मी हवा १०० पीएसआय दाबानं भरायची आणि प्रत्येक खड्डा दाढेत जाणवायचा. आता माझ्या ६२ किलोंना पुढं ६५, मागं ७० पुरतं. आपल्याकडं रस्त्याकडेला बाभळीचे काटे. टायर ट्यूबलेस केल्यापासून आत ओतलेलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं पातळ द्रव, बारीक भोकं वाटेतच बुजवतं. पण खानदेशचा उन्हाळा सीलंट लवकर सुकवतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये मी सहा आठवड्यांनी उघडून बघते.

दुसरा खर्च गिअरचा, कन्नड घाटासाठी. पुढं ३४ दातांचं चक्र, मागं २८ चं, त्यावर मला चढावर उभं राहून रेटावं लागायचं. मागं ३४ चं चक्र आलं की पेडलच्या एका फेऱ्यात चाक एकच फेरा घेतं, साधारण २.१ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर ताशी साडेसात किलोमीटर. गुडघ्याला सोसणारी चाल. इथं एक फसगत आहे. १०५ च्या आर-७००० मालिकेतलं आखूड केजचं डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा पार्ट; केज म्हणजे त्याची खाली लोंबणारी पट्टी) ३० दातांपर्यंतच चालतं, ३४ ला लांब केजचं, जीएस नावाचं लागतं. चेनही लांब लागते. आणि शिमानोचा एचजी-८०० हा ११-३४ कॅसेट (११ ते ३४ दातांच्या मागच्या चक्रांचा संच) ११ स्पीडच्या रोड हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, चढवायचा तर मागं १.८५ मिलिमीटरचा स्पेसर (पातळ कडी) आधी टाकावा लागतो, नाहीतर बाहेरून धरणारं लॉकरिंग आवळूनही कॅसेट हलतो.

चेनची झीज चेन गेजनं मोजा, ११ स्पीडला ०.५ टक्के झिजली की बदला. उशीर केलात तर कॅसेटही जातो.

चाकं मी अजून बदललेली नाहीत.

सगळं जमलं की सीटपोस्टला फ्रेमच्या काठाशी मास्किंग टेपची पट्टी गुंडाळा. मापं वहीत लिहा: सीटची उंची, सीटच्या नाकापासून हँडलपर्यंतचं अंतर, स्टेमखालचे स्पेसर किती. माझं पान गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीतच आहे, शेवटचं. पावसाळ्यानंतर सीटपोस्ट काढून पुसते, ग्रीस लावते आणि त्याच पट्टीपर्यंत परत आत सोडते.