रिकंबंटला पुढे डिस्क ब्रेक बसवताना

रिकंबंट म्हणजे मागे रेलून बसून चालवायची सायकल. तिच्या पुढच्या चाकाचा रिम ब्रेक (चाकाच्या कडेला धरणारा) काढून डिस्क ब्रेक लावायचा, म्हणजे चाकाच्या मधल्या हबवर रोटर नावाची चकती आणि तिला दोन पॅडनी धरणारा कॅलिपर. खरेदीची यादी करण्याआधी सायकलचा चिमटा (पुढचं चाक धरणारा दोन पायांचा फोर्क) नीट बघा. डाव्या पायावर, आसाच्या जरा वर, मागच्या बाजूला कॅलिपर बसवायचे कान आहेत का? असतील तर हे काम सुट्टीच्या एका दिवसात होतं. नसतील तर चिमटाच बदलायचा आहे असं धरून चाला.

रिम ब्रेकचा जोर चिमट्याच्या वरच्या जाड भागावर येतो. डिस्कचा जोर एकट्या डाव्या पायावर येतो, तोही तळाशी, जिथे नळी सगळ्यात बारीक असते. व्ही-ब्रेकसाठी (रिम ब्रेकचीच एक जात) बनवलेला पातळ चिमटा हे फार दिवस सोसत नाही. आधी डावा पाय किंचित वाकतो, सायकल एका बाजूला ओढायला लागते, मग जोडाशी चीर दिसते. नळीवर पट्ट्याने आवळायचे जोड बाजारात मिळतात, ते पुढच्या चाकाला लावूच नका. असा जोड फिरला की कॅलिपर स्पोकमध्ये जातो आणि चाक जागच्या जागी अडकतं. जाड नळीच्या स्टील चिमट्याला जाणता फ्रेम-कारागीर ब्रेझिंगने (डाक देऊन) कान लावून देऊ शकतो. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या चिमट्यावर तसला प्रयोग नको.

नवा चिमटा घ्यायचा तर स्टिअररचा, म्हणजे चिमट्याच्या फ्रेममध्ये जाणाऱ्या वरच्या नळीचा, व्यास बघा (बहुतेक १ १/८ इंची, म्हणजे २८.६ मिमी), त्याची लांबी बघा आणि आसापासून क्राउनपर्यंतची (जिथे दोन्ही पाय वर एकत्र येतात) उंची मोजा. यातल्या उंचीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ती २० मिमीने वाढली की पुढचं तोंड वर जातं आणि हेड अँगल (स्टिअररचा कल) साधारण १ अंशाने कलतो. रिकंबंट हळू वेगात आधीच हळवी असते, तिथे हा एक अंश हाताला कळतो. ‘२० इंची’ एवढ्यावर विसंबू नका. ४०६ आणि ४५१ ही दोन वेगळी मापं त्याच नावाने विकली जातात. टायरच्या कडेवर छापलेला दुसरा आकडा वाचा.

कान दोन तऱ्हेचे असतात. भोकं आडवी, बिनआट्यांची आणि एकमेकांपासून ५१ मिमीवर असतील तर तो आयएस माउंट. त्याला अडॅप्टर लागतो. आट्यांची भोकं चाकाच्या दिशेने आणि ७४ मिमी अंतरावर असतील तर पोस्ट माउंट. आयएस अडॅप्टरवर कधी कधी ‘पुढे १६० / मागे १४०’ असे दोन आकडे असतात. आपल्याला पुढचा आकडा बघायचा आहे.

चाक जवळपास नवंच विणावं लागतं, कारण हब डिस्कचा हवा. रिम चांगली असेल तर तीच चालते. हबची रुंदी आधी चिमट्याच्या दोन पायांमध्ये पट्टी धरून मोजा. नेहमीची १०० मिमी असते, पण काही छोट्या चाकांच्या सायकलींना ७४ मिमीचा हब असतो. डिस्क हबची डावी कड (स्पोक अडकतात ती चकती) आत सरकलेली असते, म्हणून डाव्या आणि उजव्या स्पोकची लांबी वेगळी येऊ शकते आणि डावीकडचे स्पोक जास्त ताणात राहतात. चाक विणणाऱ्याला सांगा की सरळ, म्हणजे रेडियल, विण चालणार नाही. ब्रेकचा पीळ हबकडून रिमपर्यंत स्पोकनेच न्यायचा असतो, आणि सरळ स्पोक तो पेलत नाही. ४०६च्या रिमवर दोन फुलीची विण, म्हणजे प्रत्येक स्पोक दुसऱ्या दोन स्पोकना ओलांडून जाणारी, बरी पडते. तीन फुली घातली तर मोठ्या कडेच्या हबवर स्पोक निपलपाशी (रिममधल्या स्पोकच्या नटापाशी) वाकडे शिरतात आणि तिथेच तुटतात.

रोटर केवढा? नुसत्या पकडीचा हिशोब केला तर छोट्या चाकाला १४० मिमीसुद्धा पुरतो. ४० मिमी टायर लावलेल्या ४०६ चाकाची त्रिज्या सुमारे २४३ मिमी, २८ मिमी टायरच्या ७००सी चाकाची सुमारे ३३९. त्यामुळे इथला १६० मिमी रोटर तिथल्या २२० मिमीएवढी पकड देतो. तरी १६०च घ्या, कारण उष्णतेला चाकाच्या आकाराशी काही देणंघेणं नाही. रिकंबंटवर माणूस रेलून बसतो, वारा कमी अडतो. साध्या सायकलवर उतारात छातीवर आलेला वारा निम्मं काम करून जातो. इथे तेच काम ब्रेकच्या अंगावर पडतं. आंबोलीसारखा घाट उतरताना रोटरमध्ये जेवढा धातू असेल तेवढा बरा. चिमटा बनवणाऱ्याने रोटरची कमाल मर्यादा दिली असेल तर ती मात्र ओलांडू नका.

कॅलिपर वायरचा घ्यावा, एव्हिड बीबी७च्या जातीचा, म्हणजे दोन्ही पॅड स्वतंत्र नॉबने सरकवता येतील असा. हायड्रॉलिकची पकड गोड असते, पण सीटखाली हँडल असलेल्या सायकलवर लिव्हर उभा बसतो, ऑइलची टाकी आडवी-तिडवी होते आणि हवा काढताना जीव मेटाकुटीला येतो. वायरच्या कॅलिपरमध्ये लिव्हरची जोडी जुळायला हवी. माउंटन जातीच्या कॅलिपरला जास्त वायर ओढणारा, म्हणजे व्ही-ब्रेकचा लिव्हर लागतो. रोड जातीच्या कॅलिपरला कमी ओढणारा लागतो. उलटसुलट झालं तर एकतर लिव्हर हँडलला जाऊन टेकतो, नाहीतर लाकडासारखा कडक लागतो आणि सायकल थांबत नाही.

आता बसवणी. कानांवरचा रंग आधी बघा. पावडर कोटिंगचा थर दोन कानांवर कमीजास्त असला की कॅलिपर तिरका बसतो आणि पॅड पाचरीसारखे झिजतात. जिथे धातूला धातू टेकतो तेवढाच रंग सपाट कानशीने, हलक्या हाताने काढा. सायकल दुकानात कान घासायचं खास हत्यार असेल तर उत्तम.

रोटरवर बाण असतो, तो चाक पुढे फिरतं त्या दिशेला हवा. सहा एम५ बोल्ट, टी२५ चावी. निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावून आधी सगळे बोटाने लावा, मग समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळा. रोटर बनवणाऱ्याने दिलेला टॉर्क पाळा, तो साधारण ४ ते ६ न्यूटन-मीटर असतो. रोटरच्या घासणाऱ्या भागाला बोट लावू नका. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

चाक चिमट्यात घालताना सायकल जमिनीवर उभी ठेवा, म्हणजे आस खाचेत पूर्ण वर बसेल. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कॅलिपर डाव्या पायाच्या मागे असतो, तिथे रोटर खालून वर जात असतो. पॅडनी त्याला धरलं की रोटर खाली दाबला जातो, म्हणजे प्रत्येक ब्रेकला आस खाचेतून खाली निसटायला बघते. म्हणून खाचेच्या कडेचे उंचवटे कानशीने घासून टाकू नका. क्विक रिलीज (खटक्याने चाक आवळणारा दांडा) बंद जातीचा, स्टीलच्या दांड्याचा घ्या. थ्रू-एक्सलचा, म्हणजे आस भोकातून आरपार जाणारा चिमटा मिळत असेल तर ही काळजीच नाही.

कॅलिपरचे दोन एम६ बोल्ट इतके सैल ठेवा की तो आडवा सरकेल. दोन्ही नॉब फिरवून पॅडनी रोटर दोन्ही बाजूंनी धरा, मग बोल्ट अर्धा अर्धा फेरा आळीपाळीने आवळत ६ ते ८ न्यूटन-मीटरपर्यंत न्या. शेवटच्या पाव फेऱ्यात वॉशर कॅलिपरला सोबत फिरवतो आणि सगळं माप चुकतं. कॅलिपरच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून ठेवली की हे लगेच दिसतं. मग नॉब मागे घ्या, कॅलिपरमागे पांढरा कागद धरा आणि फटीतून बघा. रोटरच्या दोन्ही अंगांना केसाएवढी उजेडाची रेघ दिसायला हवी. चाकाकडचा पॅड स्थिर असतो, सरकतो तो बाहेरचा. म्हणून आतला पॅड न घासेल इतका जवळ आणा. तो लांब राहिला तर रोटर त्याच्याकडे वाकत जातो आणि लिव्हर स्पंजासारखा लागतो.

वायर शेवटी. रिकंबंटवर ती लांब जाते आणि लांब आउटर (वायरवरचं कव्हर) दाबला गेला की तुमचा निम्मा जोर त्यातच जिरतो. न दबणारा ब्रेकचा आउटर, लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत अखंड घ्या. गिअरचा आउटर चुकूनही वापरू नका. त्याच्यातल्या उभ्या तारा ब्रेकच्या ताणाने फुटून बाहेर येतात. नेहमीची वायर पुरली नाही तर टँडेमची (दोघांच्या सायकलची) मागा. आवळण्याआधी हँडल दोन्ही टोकांना वळवा, पेडल फिरवा आणि टाच, पोटरी, चेन यांपैकी काही आउटरला शिवतं का ते पाहा. कॅलिपरची भुजा (वायर जिला ओढते ती) मोकळी असताना पूर्ण मागेच राहायला हवी. वायर ताणून भुजा आधीच पुढे आणली की ब्रेक नव्यात छान वाटतो, पण पॅड थोडे झिजले की भुजेची चाल संपते. पुढेही पॅडची झीज नॉबनेच भरून काढा, वायरच्या ॲडजस्टरने नाही.

नवे पॅड पहिल्या दिवशी धरत नाहीत. मोकळ्या सपाट रस्त्यावर मध्यम वेगातून चालण्याच्या गतीपर्यंत २० वेळा या, मग जरा जास्त वेगातून १० वेळा. चाक जाम करायचं नाही. लांब व्हीलबेसच्या (दोन चाकांत जास्त अंतर असलेल्या) सायकलवर पुढच्या चाकावर वजन कमी असतं, त्यामुळे वाळूवर ते चटकन घसरतं. तिथे पुढचा ब्रेक हळू दाबत वाढवा.

किंचाळी आली तर आधी कॅलिपरचे बोल्ट तपासा, मग पॅडवर तेल आहे का बघा. चेनला स्प्रेने तेल मारताना रोटरवर कापड टाकायला हवं, पॅडने तेल पिलं की तो फेकावाच लागतो. पहिल्या ५० किमीनंतर सगळे बोल्ट एकदा टॉर्क रेंचने तपासा. पॅड पत्र्यासकट ३ मिमीच्या खाली आला की बदला. शिमानोचा रोटर नवा १.८ मिमी असतो, १.५ झाला की तोही.