महापौर कोण होणार, हे सभेआधी कसं ओळखायचं

माझी सगळी नोकरी महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात गेली. अजेंडा काढायचा, नगरसेवकांच्या घरी पोचवायचा, हजेरीपत्रकावर सह्या घ्यायच्या. त्यामुळे गुलाल कोणी जास्त उधळला यावरून महापौर ठरवणाऱ्यांचं मला हसू येतं. नगरपरिषदेचा नगराध्यक्ष थेट लोक निवडतात, महापौर तसा नाही. नगरसेवक निवडतात, तेही हात वर करून.

आधी आरक्षण बघा. सोडत मुंबईत नगरविकास खातं काढतं, मुदत अडीच वर्षांची. समजा, अनुसूचित जातीच्या महिलेसाठी पद निघालं, तर मोठ्या पक्षाकडे तशी नगरसेविका आहे का, ते यादीत शोधा. खुल्या प्रभागातून आलेली पण जातीचं प्रमाणपत्र असलेलीही चालते, हे पुष्कळ जण विसरतात. एकच नाव सापडलं तर उमेदवार ठरला म्हणून समजा.

मग बेरीज. स्वीकृत सदस्यांना, म्हणजे निवडून न येता नेमलेल्यांना, यात मत नसतं, त्यांना सोडून द्या. आणि ‘सर्वात मोठा पक्ष’ या शब्दांवर फार विसंबू नका. नगरचं 2018 आठवा. जागा 68. शिवसेना 24, राष्ट्रवादी 18, भाजप 14. राज्यात सेना-भाजप एकत्र सत्तेत, राष्ट्रवादी विरोधात. कागदावर सेनेचा महापौर दिसत होता. झाले भाजपचे बाबासाहेब वाकळे, राष्ट्रवादीच्या मतांवर! मुंबईच्या नेत्यांना धक्का बसला, नगरकरांना फारसा नाही. सेनेचे अनिल राठोड आणि राष्ट्रवादीचे संग्राम जगताप शहरात एकमेकांचे कट्टर विरोधक; 2014 ला जगतापांनी राठोडांची आमदारकी घेतलेली. शिवाय जगतापांचे सासरे शिवाजी कर्डिले भाजपचे. राष्ट्रवादीने पुढे त्या 18 जणांवर कारवाई केली, पण खुर्ची गेली ती गेली. म्हणून आघाडीच्या पत्रकापेक्षा विधानसभेला कोण कोणाविरुद्ध लढलं आणि कोण कोणाचा व्याही, जावई, हे आधी विचारून घ्या. पानटपरीवर सांगतात.

मोठं बहुमत असलं तरी निश्चिंत राहू नका. जळगावात 75 पैकी 57 भाजपचे होते. मार्च 2021 ला त्यातले 27 फुटले आणि शिवसेनेच्या जयश्री महाजन 45 विरुद्ध 30 मतांनी महापौर झाल्या. महिनाभर आधी सांगलीत असंच घडलं होतं, 39 विरुद्ध 36. मतदान दोन्हीकडे ऑनलाइन, त्यामुळे फुटलेल्यांना सभागृहात यायचीही गरज पडली नाही.

अशा वेळी फोनवर लक्ष ठेवा. नगरसेवकाचा फोन बंद आणि घरचे ‘देवदर्शनाला गेलेत’ म्हणाले, की सहल निघाली, म्हणजे मतदानापर्यंत कोणीतरी त्यांना दूर नेऊन ठेवलंय. एकाच पक्षाचे सगळे गेले असतील तर पक्षानेच नेलेत. निम्मेच गेले असतील तर प्रकरण वेगळं. विभागीय आयुक्तांकडे पक्षाच्या नगरसेवकांची गट म्हणून नोंदणी झाली का, गटनेता कोण, हेही काढा, कारण पक्षादेश (व्हिप, कोणाला मत द्यायचं याचा पक्षाचा हुकूम) मोडल्याची तक्रार पुढे त्याच कागदांवर उभी राहते. सहलीला गेलेल्याच्या दारावर पक्षादेश चिकटवलेला दिसला तर त्या पक्षाची झोप उडालेली आहे.

सभेच्या दिवशी पीठासीन अधिकारी, म्हणजे सभा चालवणारे, अर्ज माघारीसाठी पंधरा मिनिटं देतात. तेव्हा आकड्यांकडे नाही, कोण उठून कोणाच्या बाकाजवळ जातो तिकडे बघा. दुसऱ्याने अर्ज मागे घेतला तर निवड बिनविरोध, आणि बदल्यात काय ठरलं ते स्थायी समितीच्या सभापतीचं नाव आलं की कळतं. पैशांचे विषय तिथेच मंजूर होतात.