थोराड कुत्र्यासाठी जुनी फोर बाय फोर घेताय? या चुका टाळा

जुनी गाडी बघायला गेलं की सगळे आधी बॉनेट उघडतात. कुत्र्यासाठी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी, घ्यायची असेल तर आधी मागचं दार उघडा, सीट पाडा आणि स्वतः मागच्या फ्लोअरवर बसा. पुढची पाच-सात वर्षं त्याचा प्रवास तिथून होणार आहे, आणि त्याला काय सोसत नाही हे तो बोलून सांगणार नाही. इंजिन दुरुस्त करून मिळतं. आखूड डिकी किंवा तापणारा फ्लोअर मात्र कुठल्याच गॅरेजमध्ये धड दुरुस्त होत नाही.

कुत्र्याचं वजन बघून गाडी ठरवणं

वजनावरून जागेचा अंदाज चुकतो. कारवान किंवा पश्मी हा सडपातळ देशी शिकारी कुत्रा पंचवीस किलोच्या आसपास भरतो, पण खांद्यापाशी ६५-७० सें.मी. उंच असतो. रॉटवायलर जवळजवळ तेवढाच उंच, वजनाला मात्र दुप्पट. ग्रेट डेनचा नर तर खांद्यालाच ७६ सें.मी.च्या वर जातो, डोकं त्याहून वर. म्हणून टेप घेऊन तीन मापं काढा: नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, उभा असतानाची डोक्यापर्यंतची उंची, आणि कुशीवर पाय पसरून झोपल्यावरची रुंदी. लांबीत १०-१५ आणि उंचीत ५ सें.मी. वाढवा.

लांबी-रुंदीच्या मापाचा पुठ्ठा कापा आणि गाडी बघायला जाताना सोबत न्या. डिकीची रुंदी वरून मोजली की भरपूर वाटते, पण खाली दोन्ही बाजूंनी चाकांचे उंचवटे आत आलेले असतात. पुठ्ठा तिथे दुमडला तर कुत्र्यालाही अंग दुमडूनच झोपावं लागणार. पिंजरा वापरणार असाल तर लॅब्रॅडॉरला साधारण ४२ इंची, म्हणजे १०७ सें.मी. लांबीचा लागतो. मधली सीट उभी ठेवून तो बहुतेक गाड्यांत बसत नाही. म्हणजे घरची माणसं किती आणि सीट किती पाडायच्या, हे आधी ठरवा.

स्कॉर्पिओ आणि सफारी स्टॉर्मच्या काही मॉडेल्सना मागे समोरासमोरच्या आडव्या सीट असतात. त्या भिंतीला दुमडून ठेवा. कायमच्या काढून टाकल्यात तर आरसीवरची आसनसंख्या आणि गाडी यांचा मेळ राहत नाही.

चढ-उताराचा विचार न करणं

चॅसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बांधलेल्या गाड्यांत डिकीचा काठ जमिनीपासून ७५ सें.मी.च्या आसपास येतो. आधीच्या मालकाने गाडी दोन इंच वर उचलणारं लिफ्ट किट आणि मोठे टायर टाकले असतील तर आणखी वर. तरुण जर्मन शेफर्ड तिथे उडी मारतो, पण याच जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष जास्त आढळतो आणि खाली उतरतानाचा दणका पुढच्या पायांवर बसतो. उताराची फळी आखूड घेऊ नका: ७५ सें.मी. उंचीला दीड मीटरची फळी ३० अंशांचा चढ करते, म्हातारा कुत्रा त्यावर पाय ठेवत नाही. १.८ मीटरची घेतली तर चढ २५ अंशांवर येतो. मग ती फळी गाडीत ठेवणार कुठे, तेही तिथेच बघून घ्या.

दार वर उघडणारं असेल तर ते अर्धं उचलून हात काढा. गॅसचे दांडे थकलेले असले की ते हळूच खाली येतं, आणि वाटेत कुत्र्याचं डोकं असतं. आडवं उघडणारं दार, त्यावर स्टेपनी, असा प्रकार असेल तर गाडी चढावर उभी करून दार उघडं टिकतं का ते पाहा.

मागे काय हवा येते ते न तपासणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पुढे बसलेल्याला एसी गारेगार लागतो, डिकीत मात्र झोतच पोहोचत नाही. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, आणि कोंदट गरम हवेत ती युक्ती चालत नाही. गाडी सकाळी पाहू नका, दुपारी एकनंतर पाहा. साधा थर्मामीटर मागच्या फ्लोअरवर ठेवा, सगळ्या खिडक्या बंद करून अर्धा तास गाडी चालवा. तिथलं तापमान २६-२७ अंशांच्या खाली येत नसेल तर त्या गाडीत उन्हाळ्यात लांबचा प्रवास होणार नाही. मधल्या सीटसाठी वेगळे एसीचे झरोके असले की मोठा फरक पडतो.

फेरी संपल्यावर लगेच मागच्या फ्लोअरवर तळवा टेकवा आणि मनात तीसपर्यंत मोजा. खालून सायलेन्सरचा पाइप जातो, आणि त्यावरचा उष्णता अडवणारा पत्रा गंजून पडलेला असला की वरचा फ्लोअर तव्यासारखा तापतो. हात ठेववत नसेल तर पोट टेकून झोपणाऱ्या कुत्र्याचं काय होईल?

मग धूर. मागच्या दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंनी घट्ट लागली पाहिजे. जिथून सहज सुटते तिथून चालत्या गाडीत एक्झॉस्टचा वायू आत ओढला जातो. दाराच्या आतल्या कडेला काजळीची रेघ असेल तर हे कधीपासून चालू आहे तेही कळतं. कापडी हुडाच्या जुन्या थार आणि जिप्सींत हा त्रास हमखास असतो. शिवाय हुडाची चेन किंवा बटणं तुटलेली असतील तर कुत्रा बाहेर झेपावू शकतो.

फोर बाय फोर चालते असं धरून चालणं

फोर बाय फोरचा दिवा लागला म्हणजे पुढची चाकं ओढतात असं नाही. वर्षानुवर्षं लिव्हर हललेलाच नसतो, पुढची चाकं जोडणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळ्या चिरतात, हब अडकतात. डांबरावर तपासू नका. पार्ट टाइम, म्हणजे गरजेपुरत्या जोडायच्या, फोर बाय फोरमध्ये कोरड्या डांबरावर गाडी वळवली की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि तो ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. सुट्या मातीचा चढ शोधा. टू व्हीलवर मागचं चाक फिरकी घेतं अशी जागा मिळाली की फोर एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) लावा आणि बाहेर उभ्या माणसाला पुढच्या चाकांकडे पाहायला सांगा. ती माती मागे फेकली पाहिजेत. मग थांबून, न्यूट्रल करून फोर एल (चारही चाकं, कमी वेग, जास्त ताकद). मातीतच पूर्ण वळण घ्या: कट्‌कट्‌ आवाज आला तर पुढच्या ॲक्सलचे जॉइंट, निघताना एकच ठोका पडला तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे).

दोन्ही डिफरन्शियलचे (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधल्या गिअरपेटीचे) ऑइल भरायचे नट उघडायला लावा आणि बोट घालून पाहा. ऑइल दुधाळ कॉफीसारखं असेल तर गाडी पाण्यात घातलेली आहे. गरम डिफरन्शियल नदीत शिरलं की थंड होऊन आतली हवा आक्रसते, आणि हवा खेळती ठेवणारी ब्रीदरची नळी तुटलेली असेल तर पाणी आत खेचलं जातं.

पुराच्या गाड्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैत चिपळुणात ज्या गाड्या बुडाल्या, त्यांतल्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आलेल्या अजून भेटू शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची पिवळट रेघ सहसा राहून जाते. कार्पेट उचलून खालचा फेल्ट दाबा आणि वास घ्या. तुम्हाला कुबट वास पुसट लागेल, कुत्र्याचं नाक तिथे तासन्‌तास टेकलेलं असणार आहे. किनाऱ्यावरच्या गाडीची चॅसी मागच्या चाकांमागे आणि स्प्रिंगच्या बैठकीपाशी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज हवा, बद्द नको. नुकताच मारलेला काळा रंग दिसला तर तिथे आधी ठोका.

कुठली गाडी?

तीन दारी थारमध्ये मागच्या सीटवर जायला बाजूचं स्वतंत्र दार नाही. पुढची सीट वाकवून ४० किलोचा कुत्रा रोज आत घालणं कोणालाच जमत नाही. जिम्नीची डिकी २०८ लिटर, मागची सीट पाडल्यावर ३३२. दोन माणसं आणि एक लॅब्रॅडॉर, एवढंच. जुनी थार, जिप्सी आणि व्ही-क्रॉससारख्या पिकअपना मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत. गाडी रिकामी असली की त्या उसळतात, आणि कुत्र्याला ओकारी होते. सफारी स्टॉर्म आणि स्कॉर्पिओला मागे कॉइल स्प्रिंग आहेत, जागाही ऐसपैस. शेतावरचा चिखल आणि घाटरस्ता एवढीच गरज असेल तर डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह पाहाच: लो रेंज (फोर एल) नाही, पण २१० मि.मी. क्लिअरन्स आणि डिकी ४१० लिटर. कुत्र्यासाठी आम्ही तिला झुकतं माप देतो.

दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या फॉर्च्युनर आणि सफारी इकडे स्वस्तात दिसतात. फॉर्म २८ ची एनओसी (जुन्या आरटीओचं ना हरकत पत्र) हातात असल्याशिवाय आणि इथला रोड टॅक्स किती बसेल ते आरटीओत विचारल्याशिवाय ती किंमत स्वस्त समजू नका.

टोकन देण्याआधी कुत्र्याला घेऊन या. छातीचा पट्टा घाला, आखूड दोरी फ्लोअरला बोल्ट केलेल्या कडीला बांधा. गळपट्ट्याला कधीच नाही, ब्रेक लागला की मान मोडू शकते. खाली गोठ्यात घालतात तसली रबर मॅट टाका, गुळगुळीत रेक्झिनवर त्याचे पाय फाकतात. वीस मिनिटं चालवा, दोन वळणं, दोन गतिरोधक. तो उभाच राहून लाळ गाळत असेल तर दुसरी गाडी बघा. अंग टाकून आडवा झाला तर भावाचं बोलणं सुरू करा.