गाडी चावणाऱ्या राक्षसाचं कोपर

भांडुपच्या ज्या शेडमध्ये मी पहिल्या नोकरीला लागलो, तिथे गणपतीआधी मंडळांचे हलते देखावे बनायचे आणि एरवी इव्हेंटवाल्यांची कामं. त्यातच एकदा ऑर्डर आली: जुन्या गाड्या उचलून चिरडणारा आठ मीटर उंच राक्षस. समोर नमुना अमेरिकेतल्या रोबोसॉरसचा. डग मॅलेविकी यांच्या डोक्यातून निघालेला, ४० फूट उंच, आग ओकणारा, घडी घातली की ट्रेलर होऊन रस्त्याला लागणारा.

मी सिव्हिलचा. वाटलं, डोकेफोड कंट्रोलवाल्यांची. पण हा रोबो कमी आणि क्रेन जास्त.

चिरडणं सोपं असतं. १०० मिमी बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, हायड्रॉलिक सिलिंडर २०० बारच्या तेलदाबाला साधारण १६ टन रेटतो. तरफेत घटून जबड्याच्या टोकाला पाच टन उरले तरी गाडीचं छप्पर पापडासारखं जातं.

मी फसलो उचलण्यात. साडेसहाशे किलोची मारुती ८००, धडापासून पाच मीटरवर, म्हणजे वाकवणारा जोर सव्वातीन टन-मीटर. वर थोडा सुरक्षेचा फॅक्टर घेतला आणि ड्रॉइंग दिलं. वेल्डर काका म्हणाले, "साहेब, गाडी झोके खाणार. ते धरलंय का?" मी म्हटलं, "फॅक्टर आहे ना, काका."

ऑपरेटर लिव्हर झटक्यात सोडायचा. गाडी लोंबकळत राहायची आणि हात वर-खाली थरथरायचा. महिनाभराच्या तालमींनंतर कोपराच्या गसेटपाशी, म्हणजे सांधा मजबूत करणाऱ्या पट्टीपाशी, रंगाला बारीक तडा दिसला. काकांनी जागा घासली, भेग शोधायचा लाल डाय लावला, थांबून पुसला, पांढरा डेव्हलपर फवारला. थोड्या वेळात वेल्डच्या अगदी कडेला केसाएवढी लाल रेघ उमटली.

मी लगेच प्लेट दुप्पट जाड करायला निघालो. काकांनी अडवलं: भेग तिथून उठून पुढे जाऊन बसेल. शेवटी जुना वेल्ड काढला, गसेटचं टोक निमुळतं केलं, नवा वेल्ड घासून गुळगुळीत केला आणि हात हळू थांबावा म्हणून फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह बसवला.

या कामात यायचं असेल तर आयएस ८००:२००७ या स्टील बांधकामाच्या भारतीय मानकातलं फटीगचं, म्हणजे वारंवार ताण येऊन धातू थकण्याचं, प्रकरण आधी वाचा. आम्ही ते परीक्षेला ऑप्शनला टाकलं होतं. मैदानात उभं करायचं असेल तर वाराही धरा, मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर. आणि डाय मारताना हातमोजे घाला. तो लाल रंग सहज निघत नाही, लोकलमध्ये लोक सरकून बसतात.